युनिकोड हा फॉन्ट नाही, विंडोज १० ‘बंद’ पडलेलं नाही: कॉम्प्युटरबद्दलचे ६ गैरसमज आणि त्यामागचं खरं कारण

बिरवाडीच्या बाजारपेठेतलं एखादं झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला झेरॉक्स मशीन, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, आणि काउंटरवर आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा घेऊन उभी असलेली माणसं. बचत गटाच्या ताई दोन पानी मराठी अर्ज टाइप करून घेतात आणि पेनड्राइव्हमध्ये घेऊन महाडला जातात. तिथल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडते, पण अर्जाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. अर्थ कशाचाच लागत नाही.

मग सुरू होतात सल्ले. ‘ताई, फाइल करप्ट झालीये.’ ‘व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावा लागेल.’ ‘इथे मराठी सॉफ्टवेअर नाहीये, युनिकोड फॉन्ट टाका.’

यातला एकही सल्ला बरोबर नाही. फाइल करप्ट नाही, व्हायरस नाही आणि युनिकोड नावाचा फॉन्ट तर नसतोच. पण अर्जाची शेवटची तारीख आज असेल, तर या गैरसमजाची किंमत एसटीच्या दोन फेऱ्या आणि एक हुकलेली संधी इतकी असू शकते.

असे गैरसमज फक्त गावात असतात असं नाही. मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांतही ते तेवढेच ऐकू येतात. त्यातले सहा आपण समजून घेऊ.

गैरसमज १: ‘युनिकोड हा मराठीचा फॉन्ट आहे’

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॉम्प्युटरला ‘क’ कळत नाही आणि ‘ए’सुद्धा कळत नाही. त्याला कळतात फक्त आकडे. त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो. कोणत्या अक्षराला कोणता नंबर, याचा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. त्या नंबरचं अक्षर स्क्रीनवर कसं दिसेल हे ठरवतो तो फॉन्ट. आणि कोणतं बटण दाबल्यावर कोणता नंबर जाईल हे ठरवतो तो कीबोर्ड लेआउट.

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण तिन्हींना मिळून ‘मराठी फॉन्ट’ म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इंग्रजीला हे नंबर फार आधी मिळाले. देवनागरीसारख्या लिप्यांसाठी भारताने १९९१ मध्ये इस्की नावाचं स्वतःचं मानक केलं. पुण्याच्या सी-डॅकचं या क्षेत्रातलं काम मोठं आहे. पण रोजच्या डीटीपीच्या कामात वेगळीच युक्ती रुळली. इंग्रजी अक्षरांचेच नंबर वापरायचे आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी देवनागरी चित्रं बसवायची.

कृतीदेव हा असाच फॉन्ट. त्यात ‘महाड’ लिहिलंत तर फाइलमध्ये प्रत्यक्षात काय साठवलं जातं? ई, जी, के आणि कॅपिटल एम ही चार इंग्रजी अक्षरं. कृतीदेव त्यांना म, ह, काना आणि ड अशी चित्रं घालतो, म्हणून आपल्याला ‘महाड’ दिसतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे मराठी नाहीच, फक्त इंग्रजी अक्षरांवर मराठी मुखवटा आहे. ज्या कॉम्प्युटरवर कृतीदेव नाही, तिथे मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. बचत गटाच्या ताईंच्या अर्जाचं नेमकं हेच झालं.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग आहे. ‘क’चा नंबर जगभरात एकच. मग तो बिरवाडीतल्या मोबाइलवर टाइप केलेला असो की लंडनमधल्या लॅपटॉपवर. त्यावर मंगल फॉन्ट लावा, नोटो लावा किंवा आणखी कुठला युनिकोड फॉन्ट लावा, अक्षराचं वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही.

‘बिरवाडी’ हा शब्द दोन्ही पद्धतींत लिहून पाहिला की फरक नीट कळतो. कृतीदेवमध्ये पहिली जाते ती ऱ्हस्व वेलांटी, कारण ती ‘ब’च्या आधी दिसते. टाइपरायटरवर अक्षरं जशी उमटतात तशीच ही रचना आहे. युनिकोडमध्ये आधी ‘ब’ आणि मग वेलांटी, कारण आपण उच्चार तसा करतो. वेलांटी ‘ब’च्या डावीकडे काढायचं काम फॉन्टचं. त्यामुळे युनिकोडमधला शब्द शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो आणि दृष्टिहीन व्यक्तींचं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर तो वाचूनही दाखवतं. कृतीदेवमधला अर्ज त्याच सॉफ्टवेअरला दिला तर ते निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचत बसतं.

‘पण मला युनिकोड टायपिंग येत नाही’ हेही बऱ्याचदा ऐकू येतं. खरं तर युनिकोडची अशी एकच टायपिंग पद्धत नाही. रेमिंग्टनची सवय असेल तर रेमिंग्टन लेआउटने युनिकोड टाइप करता येतं. इनस्क्रिप्ट शिकलात तर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला मिळतात. काहीच येत नसेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की तो मिळतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

युनिकोड म्हणजे सगळे प्रश्न संपले, असंही नाही. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पोलादपूरच्या घाटाबद्दल लिहिताना पहिला शब्द लागतो, श्रीवर्धनबद्दल लिहिताना दुसरा. त्या ‘ऱ्या’साठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे. पण साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालूनही तेच चित्र उमटवता येतं. दिसायला दोन्ही सारखे, पण कॉम्प्युटरसाठी वेगळे. त्यामुळे कधी कधी समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. जुन्या फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्यावर अशा जागा डोळ्यांनी तपासाव्यातच.

काय करावं? फक्त प्रिंट काढायची असेल तर कृतीदेवने काही बिघडत नाही. पण फाइल दुसरीकडे पाठवायची असेल तर युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा. जुनीच फाइल द्यायची असेल तर पीडीएफ करून द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जात असल्याने ती निदान वाचता तरी येते.

गैरसमज २: ‘विंडोज १० बंद झालंय, आता नवा कॉम्प्युटर घ्यावाच लागेल’

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, हे खरं. पण सपोर्ट थांबणं म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणं नव्हे. १५ ऑक्टोबरलाही ते कॉम्प्युटर सुरू झाले आणि फाइल जागेवर होत्या.

थांबलं ते एवढंच, की नव्याने सापडणाऱ्या त्रुटींसाठी मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती. घराचं कुलूप बनवणाऱ्या कंपनीने सांगावं की ‘या मॉडेलची दुरुस्ती आम्ही यापुढे करणार नाही’, तसं. कुलूप आजही लागतं. पण ते उघडायची नवी युक्ती चोराला सापडली, तर कंपनी मदतीला येणार नाही.

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली. त्यासाठी नोंदणी करावी लागते, ते आपोआप होत नाही.

विंडोज ११ टाकायचं तर कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच मशीन इथे अडतात. त्यांच्यासाठी लिनक्स हा पर्याय आहे.

‘लिनक्स म्हणजे काळी स्क्रीन आणि इंग्रजी कमांड’ हा यातलाच उपगैरसमज. लिनक्सच्या आजच्या आवृत्त्या माउसने चालतात, त्यात मराठी दिसतं आणि टाइपही होतं. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाची लिनक्स आवृत्तीही केली आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. अंगठ्याचं मशीन, जुना प्रिंटर किंवा एखादं अकाउंटिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असू शकतं. त्यामुळे दुकानाचा कॉम्प्युटर लिनक्सवर नेण्याआधी आपल्याकडच्या प्रत्येक यंत्राची चाचणी घ्या. फक्त अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेट एवढंच काम असेल, तर जुनी मशीन भंगारात द्यायची घाई करू नका.

गैरसमज ३: ‘अपडेट टाकलं की मशीन स्लो होतं, म्हणून बंद करून ठेवलंय’

अपडेट आपल्याला नकोसं असतं, कारण ते नेमकं कामाच्या वेळी सुरू होतं आणि डेटा खातं. कधी कधी त्याने खरंच त्रासही होतो. पण ते कायमचं बंद ठेवण्याची किंमत आपल्याच रायगड जिल्ह्याने पाहिली आहे.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून झाली. तिथून तो मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला. त्याचा फटका उरण तालुक्यातल्या जेएनपीटी बंदरालाही बसला. मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं तिथलं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा आणि कुठला ट्रक आत घ्यायचा हे सगळं कॉम्प्युटरवर ठरत होतं. कॉम्प्युटर गेले आणि मालाची वाहतूक अडली.

नॉटपेट्याने विंडोजमधली जी त्रुटी वापरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिली होती. म्हणजे साडेतीन महिने आधी. त्याच त्रुटीचा वापर करून मे महिन्यात ‘वॉनाक्राय’नेही जगभर हाहाकार माजवला होता. तरीही असंख्य मशीन अपडेटविना तशाच चालू होत्या.

मात्र अपडेट केलं की संपलं, असंही नाही. नॉटपेट्या एका मशीनमधून पासवर्ड चोरून, अपडेट केलेल्या दुसऱ्या मशीनमध्येही शिरत होता. अपडेट हे हेल्मेटसारखं आहे. ते घातलं म्हणून अपघात होणारच नाही असं नाही, पण ते न घालण्याचं समर्थनही होत नाही.

गैरसमज ४: ‘दुसऱ्या ड्राइव्हमध्ये कॉपी आहे ना, मग बॅकअप आहे’

सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह बऱ्याचदा एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात. कपाट जळालं तर दोन्ही कप्पे जळतात.

महाड परिसराला हे वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमधल्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. त्या जीवितहानीपुढे हार्ड डिस्कची गोष्ट क्षुल्लकच आहे. पण पूर ओसरल्यावर माणसाला पुन्हा उभं राहायला कागदपत्रं लागतात. विम्याची, बँकेची, जमिनीची, शाळेची. कॉम्प्युटर आणि त्याची ‘बॅकअप’ हार्ड डिस्क एकाच टेबलावर असतील, तर पाणी दोघांनाही घेऊन जातं.

इथे मर्स्कची गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. त्यांच्या नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे अनेक सर्व्हर होते. त्या सगळ्यांवर एकमेकांची प्रत होती. एक बंद पडला तर दुसरा आहे, असा हिशेब. पण हल्ला सगळ्यांवर एकदमच झाला. वाचला तो घानामधला एकच. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता! त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. वीज जाण्याचा इतका मोठा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल.

म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. शिवाय एक प्रत एरवी कॉम्प्युटरला न जोडलेली असावी. घरासाठी हे अवघड नाही. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हमध्ये आणि एक गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे.

गूगल ड्राइव्हबद्दलही एक सावधगिरी हवी. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चालू असताना कॉम्प्युटरवरची फाइल डिलीट केलीत, तर ती ड्राइव्हवरूनही जाते आणि ट्रॅशमध्ये फक्त ३० दिवस राहते.

गैरसमज ५: ‘डिलीट केलं म्हणजे गेलं’

झेरॉक्सच्या दुकानात आपण आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो आणि म्हणतो, ‘दादा, डिलीट करा हं.’ दादा आपल्यासमोर डिलीट करतातही.

फाइल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडणं. पान पुस्तकातच असतं, फक्त ‘ही जागा आता रिकामी समजा’ अशी नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअर ते पान वाचू शकतं. क्विक फॉरमॅटही मुख्यतः अनुक्रमणिकाच नवी करतं. विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केलं तर मात्र सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. म्हणूनच त्याला वेळ लागतो.

अलीकडच्या अँड्रॉइड फोनची गोष्ट वेगळी आहे. त्यांतली माहिती सांकेतिक रूपात असते आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर ती उलगडायची किल्लीच नष्ट होते. म्हणजे जुना फोन विकताना रीसेट बऱ्यापैकी भरवशाचं आहे, पण पेनड्राइव्ह नुसता क्विक फॉरमॅट करून देणं भरवशाचं नाही.

इन्कॉग्निटो मोडबद्दलही असंच. तो त्या ब्राउझरमध्ये हिस्टरी ठेवत नाही, इतकंच. तुम्ही डाउनलोड केलेली फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये राहतेच.

काय करावं? जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. दुकानात व्हॉट्सॲप वेब वापरलंत तर निघण्याआधी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन लॉगआउट करा. यात दुकानदारावर अविश्वास दाखवायचा प्रश्न नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर उद्या आणखी कोण बसेल हे त्यालाही माहीत नसतं.

गैरसमज ६: ‘निळी स्क्रीन म्हणजे सी प्लस प्लस’

हा गैरसमज कॉलेजच्या मुलांसाठी. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात जायचं स्वप्न पाहणारी कितीतरी मुलं महाड-पोलादपूर पट्ट्यात आहेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी प्रोग्रॅमिंगची पहिली ओळख आजही टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या स्क्रीनवर होते. मग ती स्क्रीन म्हणजेच भाषा, असं वाटू लागतं.

इथेही तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. भाषा म्हणजे व्याकरणाचे नियम. कंपायलर म्हणजे त्या भाषेतलं लिखाण मशीनला कळेल अशा रूपात आणणारा दुभाषा. आणि एडिटर म्हणजे लिहायची वही. टर्बो सीमध्ये दुभाषा आणि वही एकत्र आहेत. व्हीएस कोड ही मुळात फक्त वही आहे. म्हणूनच ते टाकूनही ‘प्रोग्रॅम रन होत नाही’ अशी तक्रार येते. कंपायलर वेगळा टाकावा लागतो.

टर्बो सी प्लस प्लस बोरलँड कंपनीने १९९० मध्ये आणलं. सी प्लस प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८ मध्ये. म्हणजे भाषेचे नियम पक्के व्हायच्या आधीचा हा दुभाषा आहे. त्यावर शिकलेली स्क्रीन साफ करायची कमांड किंवा ‘कोनिओ’ ही फाइल भाषेच्या मानकाचा भाग नाही. त्यामुळे लॅबमध्ये चालणारा प्रोग्रॅम घरच्या नव्या कंपायलरवर ढीगभर चुका दाखवतो आणि विद्यार्थ्याला वाटतं, ‘मलाच येत नाही.’

एक उदाहरण पाहा. ‘इंट दोन बाइटचा असतो’ हे वाक्य मुलं पाठ करतात. टर्बो सीमध्ये ते खरं आहे. तिथे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. पण आजच्या बहुतेक कॉम्प्युटरवर इंट चार बाइटचा असतो आणि त्यात २१४ कोटींहून मोठी संख्या मावते. मानक फक्त किमान मर्यादा ठरवतं, नेमका आकार कंपायलरवर सोडतं. समजा एका प्रोग्रॅममध्ये ३०,००० आणि ५,००० या रकमांची बेरीज आहे. नव्या कंपायलरवर उत्तर ३५,००० येईल. टर्बो सीवर इंट वापरला तर चक्क उणे ३०,५३६ येईल. गणित चुकलेलं नाही, डबा लहान पडला.

परीक्षेला टर्बो सी असेल तर ते शिकावंच लागेल. पण सोबत जीसीसीसारखा मोफत कंपायलर घेऊन तोच प्रोग्रॅम तिथे चालवून पाहा. दोन्हीकडे काय बदलावं लागलं याची वहीत नोंद ठेवा.

मग सगळ्यांत महत्त्वाचं काय?

हे सहाही गैरसमज पाहिले तर त्यांच्यात एक साम्य दिसतं. दरवेळी दोन-तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलेलं असतं. अक्षर आणि त्याचं चित्र. सपोर्ट आणि चालू असणं. प्रत आणि बॅकअप. यादीतून काढणं आणि पुसणं. भाषा आणि तिची वही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: ‘नेमकं बिघडलंय काय?’ उत्तर मिळालं नाही तर फॉरमॅटला होकार देऊ नका. आणि बचत गटाच्या त्या ताईंसाठी उपाय अगदी सोपा आहे. दुकानातच दादांना सांगायचं, ‘अर्ज युनिकोडमध्ये टाइप करा, आणि सोबत पीडीएफही द्या.’ फाइल निघायच्या आधी ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहायची. तिथे मराठी दिसलं, तर महाडलाही दिसेल.